यंत्राचा कौल आणि माणसाची खेळी

बुद्धिबळाचा मोठा सामना आज थेट पाहायला बसले की पटाशेजारी एक उभी पट्टी दिसते, थोडी पांढरी, थोडी काळी. प्रत्येक खेळीगणिक ती वरखाली सरकते आणि तिच्या टोकाशी आकडा उमटतो: अधिक ०.४, उणे १.७, कधी नुसते शून्य. जुलै २०२५ मध्ये बातुमीला नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत समोरासमोर आल्या, तेव्हा घोडा अडीच घरे चालतो यापलीकडे फारसे ठाऊक नसलेल्या माणसांनाही कोणाची बाजू वरचढ आहे हे त्या पट्टीवरून समजत होते. सोय मोठी आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण सोयीपाठोपाठ एक खोडही लागली. विश्वविजेत्याने अर्धा तास डोके खपवून केलेली खेळी पट्टीला मानवली नाही की प्रेक्षक ‘चुकला’ म्हणून मोकळा होतो, आणि पट्टी जागची हलली नाही तर त्या खेळीत काही घडले असे त्याला वाटतच नाही. या पुस्तकात गाजलेल्या डावांतल्या निर्णायक खेळ्या आणि त्यांच्यावरचा यंत्राचा कौल शेजारीशेजारी ठेवला आहे. म्हणून तो आकडा नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे आधी पाहून घेतले पाहिजे. माझे म्हणणे थोडक्यात असे: एकाच स्थितीकडे यंत्र आणि विजेता पाहतात तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न एक नसतो. यंत्र सांगते, इथून पुढे आपणच दोन्ही बाजूंनी खेळलो तर काय होईल. विजेत्याला ठरवायचे असते, इथून पुढे मी आणि समोरचा माणूस, उरलेल्या वेळात, काय करू. दोघांची तुलना जरूर करावी, पण हा फरक गिळून नव्हे.

आकड्याची कुळकथा क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाच्या १९५० सालच्या लेखापासून सांगता येते. संगणकाकडून बुद्धिबळ कसे खेळवून घ्यावे याचा आराखडा त्यात आहे. वजीर नऊ, हत्ती पाच, उंट आणि घोडा तीन-तीन, प्यादे एक, असा भाव त्यांनी धरला आणि त्यात दुहेरी किंवा एकाकी पडलेल्या प्याद्यांची वजावट, मोकळ्या चालींची भर घातली. एवढ्यावर भागत नाही हे त्यांनाही ठाऊक होते. म्हणून पुढच्या काही खेळ्या करून पाहायच्या, शेवटी येणाऱ्या स्थितींना भाव लावायचा आणि दोन्ही पक्ष आपापल्या हिताचेच करतील असे धरून तो भाव मागे आणायचा, ही रीत त्यांनी सांगितली. पुढची सत्तर वर्षे याच रीतीवर इमारत चढत गेली. त्यात एक गोष्ट सहज विसरली जाते. बुद्धिबळातल्या कोणत्याही स्थितीचे खरे मोल तीनच प्रकारचे असू शकते: पांढरा जिंकतो, काळा जिंकतो, नाहीतर बरोबरी. चौथा प्रकार नाही. पटावर राजांसकट सात किंवा त्याहून कमी सोंगट्या उरल्या की हे खरे मोल आज तयार कोष्टकांत पाहायला मिळते आणि तिथे ‘अधिक ०.६’ असली भाषाच नसते. सातांहून जास्त सोंगट्या असतील तर आकडा हा अंदाज असतो. अत्यंत जाणता अंदाज, पण अंदाजच. ‘स्टॉकफिश’ या बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या १५.१ या आवृत्तीपासून तर निर्मात्यांनी आकड्याचा अर्थच बदलून टाकला: अधिक १.० म्हणजे एक प्यादे वरचढ असे नव्हे, तर स्टॉकफिश स्वतःशीच खेळला तर ती बाजू जिंकण्याची शक्यता पन्नास टक्के. म्हणजे यंत्राशी यंत्राने खेळायच्या डावाचे हे भाकीत आहे, हे खुद्द यंत्र बनवणारेच सांगत आहेत. आपण मात्र ते दोन माणसांच्या डावाला लावतो.

दुसरीकडे माणूस काय करतो? नेदरलँड्सचे मानसशास्त्रज्ञ आड्रियान दे ग्रोट यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस अलेखिन, केरेस, यूवे अशा खेळाडूंपुढे अनोळखी स्थिती ठेवल्या आणि मनात येईल ते मोठ्याने बोलत विचार करायला सांगितले. अपेक्षा अशी, की थोर खेळाडू सामान्यांपेक्षा कितीतरी खोल आणि कितीतरी जास्त खेळ्या मोजत असतील. तसे आढळले नाही. मोजणीच्या खोलीत आणि संख्येत फार तफावत नव्हती. फरक होता तो हा, की श्रेष्ठ खेळाडूंच्या नजरेत योग्य खेळी आरंभीच येत होती आणि त्यांची मोजणी तिच्याभोवती फिरत होती. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी याला पुढची जोड दिली. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवली तर उस्ताद ती जवळपास जशीच्या तशी पटावर मांडतो, पण सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या की त्याची ही करामत पार ओसरते. त्याला एकेक सोंगटी दिसत नसते, ओळखीचे पुंजके दिसत असतात. यंत्राच्या कौलात कोट्यवधी स्थितींची चाळणी असते, माणसाच्या निर्णयात पूर्वी पाहिलेल्या हजारो डावांचा माग असतो. मुक्कामाला दोघे बऱ्याचदा एकत्र पोहोचतात. निर्णायक खेळी बहुधा तिथे सापडते जिथे ते पोहोचत नाहीत, आणि तिथेच थांबून पाहण्यासारखे असते.

१९९८ साली लिनारेसच्या स्पर्धेत व्हेसेलिन तोपालोव आणि अलेक्सेई शिरोव यांच्या डावात अशी जागा आली. सत्तेचाळिसावी खेळी, काळ्या सोंगट्यांनी शिरोव. पांढऱ्याचा राजा जी-१ वर, उंट सी-३ वर, प्यादी जी-२ आणि एच-४. काळ्याचा राजा ई-६ वर, उंट एफ-५ वर, प्यादी ए-४, डी-५, एफ-६ आणि जी-६. काळ्याकडे दोन प्यादी जास्त, पण उंट परस्परविरुद्ध रंगांच्या घरांवरचे. असे डाव बरोबरीत सुटतात ही बुद्धिबळातली जुनी म्हण आहे आणि ती बहुतेक वेळा खरी ठरते. काळ्याला राजा ई-४ वर न्यायचा आहे, तिथून डी आणि ए या दोन प्याद्यांची पाठराखण करायची आहे. अडचण दोन: एफ-५ या वाटेवरच्या घरात स्वतःचाच उंट बसला आहे, आणि पांढरा राजा दोन पावलांत ई-३ कडे येऊन वाट अडवू शकतो. उंट ई-४ वर घेतला तर तो जी-२च्या प्याद्यावर हल्ला करतो खरा, पण मग हवे असलेले घर तोच अडवतो. शिरोवने उंट एच-३ वर नेऊन ठेवला, पांढऱ्या प्याद्याच्या तोंडात. अदलाबदल नाही, सापळाही नाही, उंट फुकट. पांढऱ्याने तो मारला आणि त्या एका खेळीच्या अवधीत काळा राजा एफ-५, पुढच्या खेळीला ई-४ असा घुसला. तोपालोवने उंटाने एफ-६चे प्यादेही टिपले, त्याचा उपयोग झाला नाही. राजा डी-३, सी-४, बी-३ असा प्याद्यांना घेऊन चालला आणि त्रेपन्नाव्या खेळीला तोपालोव उठला. पांढऱ्याने उंट न मारता राजा पुढे आणला असता, तर काळ्याने तोच उंट जी-२ वर देऊन राजा ई-४ वर नेला असता आणि निकाल तोच लागला असता.

त्या काळच्या प्रोग्रॅमना ही खेळी सुचत नव्हती, आणि पुढे कितीतरी वर्षे नव्या इंजिनाची परीक्षा घ्यायला ही स्थिती वापरली गेली. त्यांना ती का दिसत नव्हती हे समजून घेण्यासारखे आहे. शोधाचा पसारा आवरायचा म्हणून यंत्रे निरुपयोगी वाटणाऱ्या फांद्या लवकर छाटतात, आणि मोबदल्याशिवाय उंट देणारी फांदी छाटायला सर्वांत पात्र. शिवाय उंट दिल्यावर कितीतरी खेळ्यांपर्यंत हिशेबाच्या वहीत तोटाच दिसत राहतो, नफा वहीच्या पानापलीकडे असतो. शिरोवने मात्र उलट दिशेने विचार केला असणार: राजा ई-४ वर असेल तर मी जिंकतो, मग तो तिथे वेळेत कसा पोहोचेल? एवढा प्रश्न नीट मांडला की उंट अडगळ ठरतो. आधी मुक्काम ठरवून मग वाट शोधण्याची ही माणसाची रीत मोजणीपेक्षा श्रेष्ठ आहे असे मी म्हणत नाही. बहुतेक वेळा ती दगा देते, आणि दगा दिलेले डाव कोणी पुस्तकात छापत नाही. पण दोन रीती आहेत एवढे या एका खेळीतून स्पष्ट होते.

याच्या नेमकी उलट गोष्ट आदल्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये घडली होती. मे १९९७ मधल्या डीप ब्लू या संगणकाविरुद्धच्या गॅरी कास्पारोव यांच्या सामन्याचा निकाल (साडेतीन विरुद्ध अडीच, यंत्राच्या बाजूने) सर्वांना माहीत आहे. सामन्याची गाठ मात्र ४ मे रोजी झालेल्या दुसऱ्या डावात आहे. छत्तिसाव्या खेळीला पांढऱ्याला, म्हणजे यंत्राला, वजीर बी-६ वर घुसवून प्यादी खाता आली असती. सेकंदाला वीस कोटी स्थिती चाळणारे यंत्र असा घास सोडणार नाही, असे कास्पारोव धरून चालले होते, कारण तो घास घेतला असता तर ई प्यादे पुढे ढकलून काळ्याला प्रतिहल्ल्याची वाट मिळाली असती. यंत्राने घास सोडला. त्याने ए प्याद्याने बी-५ वर मारामारी केली आणि पुढच्याच खेळीला उंट ई-४ वर आणून ती वाट बंद करून टाकली. कास्पारोव यांना यात माणसाचा हात दिसला, त्यांनी फुटबॉलपटू मॅराडोनाच्या ‘देवाच्या हाताची’ आठवण काढली आणि यंत्राच्या नोंदी मागितल्या. पुढे प्रसिद्ध झालेल्या नोंदींत काय दिसते? यंत्रालाही आधी वजीर बी-६ हीच खेळी बरी वाटत होती. खोल जाता जाता तिचा भाव घसरला, यंत्राने जादा वेळ घेतला आणि पसंती बदलली. म्हणजे बाहेरून जी दूरदृष्टी वाटली ती आतून मोजणीच होती. मोजणी पुरेशी खोल गेली की तिचे फळ शहाणपणासारखे दिसते.

त्या डावाचा शेवट मला याहून बोलका वाटतो. पंचेचाळिसाव्या खेळीनंतर कास्पारोव यांनी डाव सोडला. काही तासांतच जगभरच्या विश्लेषकांनी दाखवून दिले, की वजीर ई-३ वर नेऊन सतत शह देत बरोबरी साधायची वाट त्यांच्यापुढे मोकळी होती. इतका सोपा बचाव पटावर असता तर यंत्राने तो येऊच दिला नसता, या भरवशावर त्यांनी तो शोधलाच नाही. जगातला सर्वांत बलवान खेळाडू स्वतःच्या डोळ्यांपेक्षा यंत्राच्या कथित सर्वज्ञतेवर विसंबला. त्याआधी पहिल्या डावात यंत्राने हत्ती डी-१ वर नेण्याची एक अनाकलनीय खेळी केली होती, आणि तिच्यात अफाट खोली आहे असा तर्क कास्पारोव यांच्या गोटात चालला होता. ती प्रोग्रॅममधल्या दोषातून आली होती, असे डीप ब्लूच्या चमूतले मरे कॅम्पबेल यांनी पुढे सांगितले. यंत्र खेळीमागचे कारण सांगत नाही, ते आपण लावतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो रोखठोक आहे. उत्तम खेळी ती उत्तम खेळी, समोर कोण बसले आहे याच्याशी तिला काय करायचे? विजेत्याचे काम ती शोधणे, यंत्राचे काम ती सापडली की नाही हे सांगणे; मधे मानसशास्त्र आणणे म्हणजे चुकांवर पांघरूण घालणे. या म्हणण्यात बरेच तथ्य आहे आणि ते मान्य करायला सोचीचा सहावा डाव पुरेसा आहे. १५ नोव्हेंबर २०१४, जगज्जेतेपदाच्या लढतीत कार्लसन आणि आनंद अडीच-अडीच गुणांवर. सव्विसाव्या खेळीला कार्लसनने राजा डी-२ वर नेला. आनंदने घोड्याने ई-५चे प्यादे मारले असते, पांढऱ्याने जी-८ वरचा हत्ती घेतला असता, घोड्याने शह देत सी-४चे प्यादे खाल्ले असते, मग बी-२ वरून आणखी एक शह आणि त्यानंतर निवांतपणे हत्तीची परतफेड; काळा दोन प्याद्यांनी वर. आनंदने मिनिटभरात ए प्यादे पुढे ढकलले. खेळी करून झाल्यावर आपण काय केले हे आधी कार्लसनला आणि मग आनंदला उमगले. फुकट मिळणाऱ्या भेटीची अपेक्षाच नसली की ती घ्यायचे सुचत नाही, अशा आशयाचे काहीसे आनंद नंतर पत्रकारांपुढे बोलले. कार्लसन तो डाव जिंकला, पुढे सामनाही. खिशातल्या फोनला निमिषात दिसणारी ही गोष्ट दोन विश्वविजेत्यांना दिसली नाही. इथे कोणतीही ‘मानवी बाजू’ पुढे करण्यात अर्थ नाही. जिथे वाट छोटी आणि सक्तीची आहे तिथे यंत्राचा शब्द अखेरचा. या प्रकारच्या जागी मी आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूला आहे.

पण सगळ्या निर्णायक जागा अशा नसतात. मोल तीनच प्रकारचे असते हे वर सांगितले. त्याचा परिणाम असा, की एखाद्या स्थितीत पाच खेळ्या बरोबरी राखत असतील तर त्या पाचही यंत्राच्या काटेकोर हिशेबात सारख्याच. शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य. त्यांतली कोणती करावी याला यंत्राकडे उत्तर नाही, कारण अचूक खेळणाऱ्या प्रतिस्पर्ध्यापुढे त्याने फरकच पडत नाही. विजेत्याचा सगळा कस मात्र इथे लागतो. नकाशात दोन गावांमधले अंतर दिलेले असते, मधे घाट आहे की माळ हे चालणाऱ्याच्या पायांना कळते. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरला डिंग लिरेन आणि गुकेश यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतल्या चौदाव्या आणि शेवटच्या डावात पट्टी दीर्घकाळ मध्यावर स्थिर होती. काळ्या सोंगट्यांनी खेळणाऱ्या गुकेशकडे एक प्यादे जास्त, दोन्हीकडे हत्ती आणि उंट, यंत्राच्या मते बरोबरी. बरोबरी झाली असती तर सामना जलद डावांवर गेला असता. गुकेश खेळत राहिला. पंचावन्नाव्या खेळीला डिंगने हत्ती एफ-२ वर आणून अदलाबदल पुढे केली, गुकेशने ती स्वीकारली आणि उंट डी-५ वर ठेवून कोपऱ्यात ए-८ वर बसलेल्या पांढऱ्या उंटाचीही अदलाबदल भाग पाडली. उरले राजे आणि प्यादी, आणि तो डाव काळ्याने जिंकलेला. लगेच अनेकांनी म्हटले, बरोबरीचा डाव घोडचुकीने गेला. घोडचूक होतीच. पण त्याआधी कितीतरी खेळ्या डिंग घड्याळ ओसरत असताना बचाव करत होता आणि गुकेश त्याला दर वेळी नवा प्रश्न घालत होता. त्या प्रश्नांची किंमत आकड्याने शून्य दाखवली. त्याच्या सुमारे दीड वर्ष आधी, ३० एप्रिल २०२३ला अस्तानात याच डिंगने नेपोम्नियाचीविरुद्धच्या शेवटच्या जलद डावात शह खात बरोबरी पदरात पाडून घेण्याऐवजी हत्ती जी-६ वर आडवा घातला, स्वतःच स्वतःला जखडून घेतले आणि डावासह जगज्जेतेपद जिंकले. यंत्राच्या लेखी तेव्हाही बरोबरीच होती.

मग ताल यांचे काय, असे विचारले जाईल. १९६० मध्ये मॉस्कोत जगज्जेतेपदाच्या सहाव्या डावात एकविसाव्या खेळीला मिखाईल ताल यांनी घोडा एफ-४ वर देऊन टाकला. सभागृहात एवढा गलका झाला की डाव मागच्या खोलीत हलवावा लागला. समोर बसलेले जगज्जेते बॉटविनिक उत्तरे शोधता शोधता चुकले आणि हरले. नंतरच्या विश्लेषणात दिसले की ते बलिदान काटेकोर हिशेबात टिकत नाही. ताल यांच्या बाजूने मी एवढेच म्हणेन, की पटावर बॉटविनिक बसले होते, विश्लेषक नव्हते. पण इथे सावध राहायला हवे, कारण डाव जिंकला म्हणून खेळी बरोबर, हा तर्क फसवा आहे. अशी बलिदाने करून ताल हरलेही आहेत. खेळीचा कठीणपणा निकालावरून मोजायचा नसतो. त्या ताकदीच्या खेळाडूला, त्या वेळात, योग्य उत्तर सापडण्याची शक्यता किती होती यावरून मोजायचा असतो. आणि हे मोजता येते.

मोजण्याच्या प्रयत्नांचा इतिहासही उद्बोधक आहे. २००६ मध्ये स्लोव्हेनियाचे मातेय गुइद आणि इव्हान ब्रात्को यांनी जगज्जेतेपदाच्या सामन्यांतल्या खेळ्या ‘क्राफ्टी’ या प्रोग्रॅमकडून तपासून घेतल्या आणि सरासरी सर्वांत कमी चुका कापाब्लांका यांच्या निघाल्या. गदारोळ झाला. क्राफ्टी स्वतःच या विजेत्यांपेक्षा दुबळा, त्याने कोणाला गुण द्यावेत? लेखकांनी पुढे अधिक बलवान इंजिने लावून पाहिली आणि कापाब्लांका वरच राहिले, म्हणजे तो आक्षेप बराचसा निकाली निघाला. खरा मुद्दा त्यांच्याच निबंधात होता: कापाब्लांका सरळ, स्वच्छ स्थितींत खेळत, स्टाइनिट्झ आणि ताल जंगलात शिरत. सपाट रस्त्यावर कमी ठेचा लागतात यात नवल नाही. २०१७ मध्ये फ्रान्सच्या जाँ-मार्क आलियो यांनी स्टॉकफिश वापरून वेगळ्या पद्धतीने हिशेब मांडला, तेव्हा पहिला क्रमांक कार्लसनला मिळाला. दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत, निष्कर्ष वेगळे. मला सर्वांत भक्कम वाटते ते बफेलो विद्यापीठाच्या केनेथ रीगन यांचे काम. ते यंत्राचे आकडे घेतात, पण थेट गुण देत नाहीत. अमुक मानांकनाचा माणूस अशा स्थितीत यंत्राची पहिली पसंती किती वेळा गाठतो, किती मोठी चूक किती वेळा करतो, याची शक्यता आधी बसवतात आणि मग खेळाडूला तिच्याशी ताडतात. यंत्राची मदत घेऊन फसवणूक करणारे याच पद्धतीने संशयाच्या कक्षेत येतात. आकडा उपयोगी पडतो तो असा, मधे माणसाचे माप घातल्यावर.

शेवटचा आक्षेप सर्वांत नवा आणि सर्वांत वजनदार. डिसेंबर २०१७ मध्ये अल्फाझीरो या नव्या प्रोग्रॅमने स्टॉकफिशविरुद्ध शंभर डावांत अठ्ठावीस जिंकले, बहात्तर बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. स्टॉकफिश सेकंदाला सात कोटी स्थिती चाळत होता, अल्फाझीरो ऐंशी हजार. (सामन्याच्या अटी स्टॉकफिशला अनुकूल नव्हत्या ही तक्रार रास्त होती, पण वर्षभराने सुधारलेल्या अटींवरही अल्फाझीरोच सरस ठरला.) त्याच्या न्यूरल जाळ्याला स्थिती पाहताच काही खेळ्या ‘सुचतात’ आणि मोजणी त्यांच्याभोवती फिरते. हे तर दे ग्रोट यांच्या उस्तादांचेच वर्णन झाले! २०२० पासून स्टॉकफिशनेही मूल्यमापनासाठी न्यूरल जाळे स्वीकारले. मग माणूस आणि यंत्र यांच्यातला फरक संपला की काय? रीतीतला फरक खरोखरच घटला आहे, ते नाकारणे हट्टीपणाचे होईल. प्रश्नातला फरक मात्र होता तसा आहे. हे जाळे स्वतःशी खेळून शिकले, तेव्हा त्याला सुचते ते स्वतःसारख्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध. याचा पुरावा ‘माया’ हे दुसरे जाळे देते. टोरोंटो, कॉर्नेल आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये ते लिचेस या संकेतस्थळावरील हौशी माणसांच्या डावांवर घडवले, उत्तम खेळी शोधायला नव्हे तर माणूस कोणती खेळी करील हे ओळखायला. आपल्या पातळीच्या खेळाडूंची खेळी ते निम्म्याहून थोड्या अधिक वेळा बरोबर ओळखते, बलवान इंजिनांना दुबळे करून वापरले तर ती एवढे ओळखत नाहीत. प्रश्न एकच असता तर त्यासाठी वेगळे यंत्र घडवावे लागले नसते. दोन्ही प्रश्नांमधे पूल बांधता येतो हेही दिसून आले आहे: अल्फाझीरो घडवणाऱ्या डीपमाइंडच्या एका अभ्यासात अल्फाझीरोच्या खेळातून काही कल्पना वेचून त्या चार ग्रँडमास्टरांपुढे स्थितींच्या रूपात ठेवल्या गेल्या, आणि त्या पाहिल्यावर तशाच स्थिती त्यांना अधिक चांगल्या सोडवता आल्या. त्या चौघांत क्रामनिक होते, हौ यिफान होत्या, माक्सिम वाशिये-लाग्राव होते आणि जगज्जेता व्हायचा होता तो गुकेश होता. त्यांना आकडे दाखवले नव्हते, स्थिती दाखवल्या होत्या.

पुढच्या पानांतले डाव वाचताना एवढे करावे. पट मांडावा, पांढऱ्या-काळ्या सोंगट्या नीट लावून घ्याव्यात, खाली छापलेला आकडा झाकावा आणि खेळाडूकडे होता तेवढाच वेळ घड्याळात लावून आपली खेळी कागदावर लिहावी, कारणासकट. मग यंत्राला विचारावे, पण एकदा नव्हे: दहा सेकंदांनी काय म्हणते, पाच मिनिटांनी काय म्हणते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीत किती अंतर ठेवते. कौल वेळेगणिक बदलत असेल तर ती जागा विजेत्यालाही अवघड गेली असणार. पहिली पसंती बाकीच्यांपेक्षा फार पुढे असेल आणि तरी विजेत्याला ती दिसली नसेल, तर ती चूकच, तिला दुसरे नाव देऊ नये. आणि सगळीकडे शून्य दिसत असेल, तर तीच स्थिती आपल्या तोडीच्या मित्राबरोबर दोन्ही बाजूंनी एकेकदा पुढे खेळून पाहावी. कोणत्या बाजूने खेळताना घाम फुटतो हे यंत्र तुम्हाला सांगणार नाही.